उजव्या सीटवर कोण बसणार?

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला 'शिळफाटा' म्हटले की मुंब्र्याकडची वाहनांची कोंडी आठवते. कर्जत-खालापूरच्या माणसाचा शिळफाटा वेगळा. तो खोपोलीच्या वेशीवरचा. मुंबईहून येणारा जुना पुणे रस्ता इथे येतो, खोपोली गाव ओलांडतो आणि बोरघाटाला भिडतो. एस.टी.साठी, कंपनीच्या बससाठी, घाटावर जाणाऱ्या एखाद्या ट्रकसाठी इथे माणसे उभी असतात, आणि इथल्या पोरांनी लहानपणापासून दोनच वाटा पाहिलेल्या असतात. एक खाली मुंबईकडे जाणारी, दुसरी वर पुण्याकडे. आता त्यात तिसरी वाट आली आहे, ती डोक्यावरून जाते. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथून प्रवासी विमाने उडू लागली, आणि रायगड जिल्ह्याच्या नकाशावर धावपट्टी उमटली.

साहजिकच घराघरांत नवा प्रश्न आला आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर डॉक्टर-इंजिनियरच्या बरोबरीने "आमच्याला पायलट व्हायचंय" हे वाक्य आता खोपोली-कर्जतच्या घरांतही ऐकू येते, आणि मुलींच्या तोंडून तेवढ्याच ठामपणे ऐकू येते. मग चौकशी सुरू होते. फी किती? बँक कर्ज देते का? विमाने किती? नोकरीची हमी आहे का? बारामतीला जावे, गोंदियाला जावे, धुळ्याला की शिरपूरला? हे सगळे प्रश्न रास्त आहेत. पण एक प्रश्न फार थोडे पालक विचारतात. लहान शिकाऊ विमानात दोन माणसे शेजारीशेजारी बसतात. डावीकडे आपला मुलगा किंवा मुलगी. उजव्या सीटवर कोण?

त्या सीटवर बसणाऱ्या माणसांत दोन ठळक जाती असतात. एक तरुण प्रशिक्षक. त्याने स्वतः नुकताच परवाना मिळवलेला असतो आणि विमान कंपनीत जागा मिळेपर्यंत तो शिकवतो. त्यात गैर काही नाही, जगभर हीच रीत आहे. दुसरा हवाई दलातून, नौदलातून किंवा लष्कराच्या हवाई शाखेतून निवृत्त झालेला. त्याने तिथे वर्षानुवर्षे फक्त शिकवलेले असते. त्या दुसऱ्या माणसाची ही हकिगत. लष्करी गणवेशात हजारो तास शिकवून आलेल्या अधिकाऱ्याला नागरी संस्थेत एका साध्या सेसना विमानात शिकवायचे, तर पुन्हा परीक्षा, पुन्हा वैद्यकीय तपासणी, पुन्हा कागदपत्रे कशासाठी, हा प्रश्न त्या अधिकाऱ्यांना तर पडतोच. आपल्यालाही पडायला हवा. कारण त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला आपले मूल असते.

शिकवण्याची विद्या कुठून आली

विमान उडवणे आणि विमान उडवायला शिकवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे जगाला पहिल्या महायुद्धात फार मोठी किंमत मोजून कळले. १९१६ साली ब्रिटिश रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिकवण्याची काही पद्धतच नव्हती. आघाडीवर थकलेले, जखमी झालेले वैमानिक परत पाठवले जात आणि त्यांना शिकवण्याच्या कामाला लावले जाई. ते शिकाऊंना इतके घाबरत की आपसात त्यांना 'हून' म्हणत. हून म्हणजे जर्मन शत्रू, जो आपला जीव घेतो तो. शिकाऊने विमानाला हात लावूच नये याची काळजी घेत शिकवणे चाले.

मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याला हे सोसवेना. फ्रान्समध्ये त्याच्या तुकडीत येणारी कोवळी पोरे धड उडताही न येता मरत होती. त्याने वरिष्ठांना पत्रांवर पत्रे लिहिली. शेवटी त्यालाच इंग्लंडमधील गॉसपोर्ट इथल्या प्रशिक्षण तुकडीवर नेमले, आणि १९१७ मध्ये तिथे उड्डाण-शिक्षणाचे शास्त्र जन्माला आले. शिकाऊला मुख्य जागेवर बसवायचे. दोघांकडेही नियंत्रणे असायची. अवघड, धोक्याच्या गोष्टी टाळायच्या नाहीत. विमान मुद्दाम गिरकीत घालायचे आणि त्यातून बाहेर कसे काढायचे ते शिकाऊच्या हातून करून घ्यायचे. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू यावे म्हणून एक रबरी नळी आली, तिला 'गॉसपोर्ट ट्यूब' असेच नाव पडले. हाताने करून दाखवताना तोंडाने सांगत राहायचे, ही प्रशिक्षकाची खास बोली त्यातून घडली. इंग्रजीत तिला 'पॅटर' म्हणतात. आपल्या गवयांच्या तालमीत गुरू गाता गाता सांगतो, तसाच हा प्रकार.

त्याच युद्धात मुंबईचा एक मराठी तरुण, श्रीकृष्ण वेलिंगकर, रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झाला आणि १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये लढताना लागलेल्या जखमांनी कामी आला. मराठी घरांचे आणि आकाशाचे नाते असे शंभर वर्षांहून जुने आहे.

आपल्याकडे नागरी उड्डाणाची सुरुवात फ्लाइंग क्लबांनी झाली. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. तिथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. खोपोलीकरांना टाटांचे नाव वेगळे सांगायला नको. घाटावरच्या धरणांचे पाणी खाली आणून मुंबईला वीज देणारे टाटांचे केंद्र १९१५ पासून खोपोलीत आहे. त्या काळी शिक्षणाचा प्रवाह उलटा होता. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले, तेव्हा भारतीय हवाई दल अगदी लहान होते. मग फ्लाइंग क्लबांत शिकलेले नागरी वैमानिक हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलात घेतले गेले. मुंबई, मद्रास, कलकत्ता, कराची अशा बंदरांवर किनारा-संरक्षणाच्या तुकड्या उभ्या राहिल्या, त्यांत ही मंडळी होती. म्हणजे नागरी अनुभवाचे लष्करी अनुभवात रूपांतर करण्याची गरज आधी पडली. आज आपण ज्या रूपांतराबद्दल बोलतो आहोत, ते त्याचा परतीचा प्रवास आहे.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १ एप्रिल १९४८ रोजी, हवाई दलाने अंबाल्याला फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल काढले. १९५४ पासून ते चेन्नईजवळ तांबरमला आहे. देशाच्या तिन्ही दलांतले आणि तटरक्षक दलातले निवडक वैमानिक, शिवाय मित्रदेशांचे अधिकारी, तिथे सुमारे पाच-सहा महिने शिकतात. कशाला? तर शिकवायला. त्यांचे ब्रीदवाक्य आहे 'विद्या दानेन वर्धते'. विद्या दिल्याने वाढते. मराठी शाळांच्या भिंतीवर शोभावे असे हे वाक्य एका लष्करी संस्थेचे आहे, हे मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथून उत्तीर्ण झालेला वैमानिक 'क्वालिफाइड फ्लाइंग इन्स्ट्रक्टर' होतो, बोलण्यात 'क्यूएफआय'. पुढे त्याच्या श्रेणी चढत जातात, आणि प्रत्येक पायरीला लेखी, तोंडी व प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा असते. श्रेणी एकदा मिळाली म्हणून कायमची राहते असेही नाही. हवाई दलाचे परीक्षक मंडळ अधूनमधून येऊन शिक्षकांचीच परीक्षा घेते.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत तर हे आपल्या महाराष्ट्रातच घडते. लष्कराची स्वतंत्र हवाई शाखा १ नोव्हेंबर १९८६ रोजी झाली, आणि तिची प्रशिक्षण संस्था २००३ पासून नाशिकच्या गांधीनगर धावपट्टीवर आहे. शिळफाट्यावरून घाट चढून पुढे गेले की खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ ची, देशातल्या सैनिकी शाळांतली पहिली. लष्करी वैमानिक घडवण्याच्या साखळीच्या किती तरी कड्या आपल्या आसपास आहेत.

गणवेश उतरल्यावर

अल्पमुदतीच्या सेवेतले अधिकारी दहा-चौदा वर्षांनी बाहेर पडतात, कायम सेवेतले बरेचसे पन्नाशीच्या मध्यात. हातात विद्या असते, शरीर धडधाकट असते, मुलांची शिक्षणे अजून चाललेली असतात. काही जण प्रवासी विमानांकडे जातात, काही खाजगी जेट उडवतात. काहींना मात्र शिकवण्याचीच गोडी लागलेली असते. त्यांना शिकवायचे असते, पण त्यांची क्यूएफआयची श्रेणी नागरी शाळेत जशीच्या तशी चालत नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याच्या दृष्टीने लष्करातला वैमानिक हा बाहेरच्या घराण्यातला गायक आहे. गातो उत्तम, पण इथल्या बैठकीत बसायचे तर इथली शिस्त मान्य करावी लागेल. पहिली गोष्ट अशी की प्रशिक्षकाची पात्रता एकटी उभी राहत नाही. ती वैमानिकाच्या नागरी परवान्यावर चढवली जाते. तेव्हा आधी व्यावसायिक परवाना हवा. त्यासाठी नागरी निकषांची वैद्यकीय तपासणी. हवाई कायद्याची परीक्षा. रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. जे शिकाऊ विमान उडवायचे त्याची नोंद परवान्यावर हवी. हे सगळे झाल्यावर प्रशिक्षक म्हणून परीक्षा: जमिनीवर फळ्यापुढे उभे राहून शिकवून दाखवायचे आणि हवेत परीक्षकाला शिकाऊ मानून धडा द्यायचा.

लष्करी वैमानिकाचा अनुभव पाहून काही चाचण्यांतून सूट देण्याची तरतूद विमान नियमांत पूर्वीपासून आहे. १९३७ चे हे नियम ज्या १९३४ च्या कायद्याखाली झाले, त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. या नव्या अधिनियमाने रेडिओ परवान्याचा विषयही दूरसंचार खात्याकडून विमान वाहतूक खात्याकडे आणला, त्यामुळे एक दार कमी झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये डीजीसीएचे काम संगणकावर आणणारी ई-जीसीए प्रणाली सुरू झाली, त्यानेही फायलींची पायपीट घटली. तरी सूट म्हणजे सरसकट माफी नव्हे. अनुभव आहे असे सांगून भागत नाही, तो कागदावर दाखवावा लागतो.

आणि इथे एक गमतीदार अडचण येते. तासांची भाषाच दोन्हीकडे वेगळी. नागरी उड्डाणात वेळ मोजतात ती विमान जागचे हलल्यापासून ते पुन्हा जागेवर येऊन थांबेपर्यंत. लष्करात साधारणतः चाकांनी जमीन सोडल्यापासून ते जमिनीला टेकेपर्यंत. शिवाय नागरी नोंदवहीत दिवसाचे, रात्रीचे, केवळ उपकरणांवर उडवल्याचे, लांब पल्ल्याचे, शिकवल्याचे असे तासांचे वेगवेगळे रकाने लागतात. ज्याने आयुष्य युद्धाच्या सरावात घालवले, त्याच्या वहीत हे रकाने याच नावांनी नसतात. मग जुन्या वह्या काढून एकेक उड्डाण उलगडायचे, मुख्यालयाकडून ते प्रमाणित करून घ्यायचे. हजारो तासांचा धनी असलेला विंग कमांडर चष्मा लावून पंधरा वर्षांपूर्वीच्या रात्रीच्या उड्डाणांची बेरीज करीत बसतो. त्याला राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे.

पण कागद तपासणाऱ्यालाही नावे ठेवण्याआधी २०११ साल आठवावे. त्या वर्षी आपल्या देशात बनावट गुणपत्रिकांवर परवाने घेतलेले वैमानिक सापडले आणि प्रत्यक्षात न उडवलेले तास वहीत दाखवल्याची प्रकरणे उघडकीस आली. वहीतला एक खोटा तास म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ. प्रामाणिक माणसाला होणारा त्रास हे अप्रामाणिकांनी आपल्या सर्वांवर लादलेले कर्ज आहे.

तेच धडे, वेगळी शाळा

आता मूळ प्रश्न. तांबरमहून शिकून आलेल्या माणसाला सेसना विमानात शिकवायला नवीन काय शिकायचे असते?

धडे तेच आहेत. विमानाच्या नियंत्रणांचा परिणाम, सरळ उड्डाण, चढणे, उतरणे, वळणे, वेग कमी होऊन पंखांची उचल सुटणे म्हणजे 'स्टॉल', धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या आणि मग एकट्याचे पहिले उड्डाण. ब्रिटिश परंपरेच्या क्रमात हा चौदावा धडा. लष्करी आणि नागरी, दोन्ही शाळांच्या मुळाशी गॉसपोर्टच आहे. "आय हॅव कंट्रोल", "यू हॅव कंट्रोल" हे शब्दसुद्धा तेच.

विमान मात्र वेगळे. हवाई दलातल्या वैमानिकांच्या अनेक पिढ्या किरण जेटवर शिकल्या; आता पायाभूत शिक्षण पिलाटस विमानावर होते, त्याचे इंजिन टर्बाइनचे. सेसना १५२ चे इंजिन जेमतेम ११० अश्वशक्तीचे, पिस्टनचे, आणि त्याला कार्ब्युरेटर असतो. दमट हवेत, बाहेर चांगली उबदार हवा असतानाही, या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम थंड होते, ओल गोठते, इंजिनाची घुसमट होते. त्यासाठी गरम हवा सोडण्याची एक दांडी असते आणि ती वेळेवर ओढावी लागते. आपल्या कोकणासारखी हवा या बर्फाला फार मानवते. जेटवर वीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हाताला या दांडीची सवय नसते. उंचीनुसार पेट्रोल-हवेचे मिश्रण हाताने बदलायचे असते, त्याचीही नसते. किरणमध्ये अखेरचा उपाय म्हणून आसनासकट बाहेर फेकले जाण्याची सोय होती. सेसनात ती नाही. जे बिघडेल ते बसल्या जागी निस्तरायचे, किंवा शेत बघून उतरायचे.

विद्यार्थी त्याहून वेगळा. हवाई दलाचा शिकाऊ कडक चाळणीतून आलेला असतो. सेवा निवड मंडळ, वैमानिकाच्या उपजत कलाची चाचणी, वैद्यकीय तपासणी. आणि एवढे होऊनही जमले नाही तर त्याला उड्डाण शाखेतून बाजूला काढले जाते. शिक्षकाच्या हाती ही कात्री असते. नागरी शाळेत विद्यार्थी निवडून आलेला नसतो, फी भरून आलेला असतो. कधी जमीन गहाण पडलेली असते, कधी वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड. तो मराठी माध्यमातून आलेला असतो, रेडिओवरचे भरभर इंग्रजी कानावर पडले की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. एखादा धडा बाकीच्यांना पाच वेळांत येतो, त्याला पंधरा वेळा लागतात, आणि प्रत्येक तास पैशाने मोजलेला असतो. अशा मुलावर पहिल्याच दिवशी लष्करी आवाज चढवला तर तो आज्ञा पाळील, पण शिकणार नाही. शंका विचारायची सोडून देईल. विमानात न विचारलेली शंका घातक असते.

तिसरा फरक हेतूचा. लष्करात वैमानिकाला विमानाच्या मर्यादेपर्यंत न्यायला शिकवतात, कारण शत्रू तिथेच गाठतो. नागरी वैमानिकाला त्या मर्यादेपासून नेहमी दूर राहायला शिकवायचे असते, कारण मागे प्रवासी बसलेले असतात. उतरताना वेग, उंची, दिशा यांपैकी काही बिनसले तर हट्ट न धरता वर जायचे आणि पुन्हा फेरी मारून यायचे. यात कमीपणा नाही, हे विद्यार्थ्याच्या अंगी बाणवणे म्हणजेच नागरी शिक्षण. ज्या प्रशिक्षकाने उमेदीत 'काम फत्ते करून परत ये' हाच मंत्र जपला, त्याला 'काम अर्धवट सोडून सुखरूप परत ये' हे शिकवायचे असते.

म्हणूनच पुन्हा परीक्षा देणे हा अनुभवी माणसाचा अपमान नाही, असे मला वाटते. त्याला उडवता येते की नाही, हा प्रश्नच नसतो. तो पुन्हा विद्यार्थी होऊ शकतो का, एवढेच त्यात पाहिले जाते. आणि निवृत्तीनंतर ज्याने ते मनापासून केले, त्याच्या हाताखाली शिकणे हे मोठे भाग्य. कारण त्याच्याजवळ दोन गोष्टी असतात ज्या तरुण प्रशिक्षकाजवळ सहसा नसतात. एक, त्याने शेकडो वेगवेगळ्या चुका दुसऱ्यांच्या हातून होताना पाहिलेल्या असतात. विद्यार्थ्याचा हात कुठे थरथरला की पुढच्या दोन सेकंदांत काय होणार ते त्याला आधीच कळते. दोन, त्याला कुठे जायची घाई नसते. तो पुढच्या नोकरीसाठी तास गोळा करीत नसतो. 'आज नाही, उद्या सोडीन' हे तो शांतपणे म्हणू शकतो.

अमेरिकेचा मार्ग आणि आपला

अमेरिकेने ही गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. तिथल्या विमान नियमांत २००९ साली बदल झाला. तेव्हापासून तिथल्या सैन्यदलांचा प्रशिक्षक वैमानिक आपल्या प्रशिक्षक अभ्यासक्रमाची लष्करी कागदपत्रे दाखवून आणि एक लेखी परीक्षा देऊन नागरी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवू शकतो. त्यासाठी व्यावसायिक परवाना हवाच. पण प्रशिक्षक म्हणून पुन्हा हवेतली परीक्षा द्यावी लागत नाही. लेखी परीक्षेत भर असतो तो नागरी नियमांवर आणि शिकवण्याच्या तत्त्वांवर. तुमचे उडवणे तुमच्या दलाने तपासले आहे, आम्ही फक्त आमचा कायदा तुम्हाला माहीत आहे का ते बघतो, अशी ती भूमिका.

हा मार्ग सोपा आहे, पण त्यात एक फट आहे. प्रमाणपत्र मिळाले म्हणून लहान पिस्टन विमान अंगवळणी पडले असे होत नाही. ते काम तिथे नियम करीत नाही, व्यवहार करतो. चांगली फ्लाइंग स्कूल आणि विमा कंपनी अशा नव्या प्रशिक्षकाला आपल्या विमानात आधी तपासून घेतात, मगच विद्यार्थी त्याच्या हाती देतात. जिथे हा व्यवहार कच्चा, तिथे ती फट उघडी राहते.

आपल्याला दोन्हीतले चांगले घेता येईल. लष्करी तासांचे रूपांतर, प्रमाणपत्रांची देवघेव, वैद्यकीय नोंदी हे सगळे खात्या-खात्यांत परस्पर व्हायला हवे. निवृत्त माणसाने त्यासाठी दिल्लीच्या खेपा घालू नयेत. तो त्रास खुशाल कमी करावा. मात्र ज्या विमानात शिकवायचे त्याच विमानात, उजव्या सीटवर बसून, परीक्षकापुढे धडा देण्याची कसोटी कमी करू नये. कागद हलका करावा, कसोटी नव्हे.

हे निकडीचे आहे, कारण देशाला वैमानिक भराभर हवे आहेत. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, जळगाव अशा ठिकाणी प्रशिक्षण उभे राहिले. अमरावतीच्या बेलोरा धावपट्टीवर मोठी संस्था काढण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. विमाने विकत आणता येतात, धावपट्टी बांधता येते. प्रशिक्षक मात्र कारखान्यातून काढता येत नाही. आणि त्याच्या कामात चूक झाली तर काय होते याची आठवण फार जुनी नाही. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून उडालेले एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. एका अपघातावरून कुणावर ठपका ठेवणे योग्य नाही, तो चौकशीचा विषय असतो. परंतु शिकाऊ विमानात दोघांचे प्राण एकत्र बांधलेले असतात, ही गोष्ट अशा वेळी विसरू म्हणता विसरता येत नाही.

पालकांनी काय विचारावे

व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास उडवावे लागते. त्यासाठी घरातून लाखो रुपये जातात, तेव्हा संस्थेच्या माहितीपत्रकावरचे चकचकीत विमान पाहून निर्णय घेऊ नये. तिथे प्रत्यक्ष जावे. एका विमानामागे किती विद्यार्थी आणि एका प्रशिक्षकामागे किती, हे विचारावे. मुलाला सुरुवातीचे धडे देणारा प्रशिक्षक शेवटपर्यंत टिकतो का, की दर दोन महिन्यांनी चेहरा बदलतो, हे आधीच्या मुलांना विचारावे. आपल्या नियमांत साहाय्यक प्रशिक्षक आणि पूर्ण प्रशिक्षक असे दोन दर्जे आहेत. साहाय्यकाने पूर्ण प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवायचे असते, आणि विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने सोडण्याचा निर्णय पूर्ण प्रशिक्षकाचा. तेव्हा इथे पूर्ण प्रशिक्षक किती आहेत, ते कुठून आले आहेत आणि रोज धावपट्टीवर हजर असतात का, हे जरूर विचारावे.

त्यांतला एखादा माजी हवाई दलाचा असेल, तर त्याला किती युद्धे पाहिली हे विचारू नये. लहान पिस्टन विमानावर किती तास शिकवले, ते विचारावे. चांगला माणूस या प्रश्नाने रागावत नाही. उलट त्याला बरे वाटते, कारण हा प्रश्न फार कमी लोकांना सुचतो. आणि शेवटचा प्रश्न संस्थेच्या चालकांना: हवा बरी नाही, मुलाची तयारी नाही, विमानाचा आवाज आवडला नाही, अशा वेळी प्रशिक्षक 'आज उड्डाण नाही' म्हणाला, तर त्याचे कुणी ऐकते का? वेळापत्रक पुढे ढकलले जाते, पैशाचे गणित बिघडते, तरी ऐकते का? ज्या संस्थेत याचे उत्तर बिनदिक्कत 'हो' असे येते, ती संस्था चांगली.

पहिल्या एकट्याच्या उड्डाणाचा दिवस प्रत्येक वैमानिकाला मरेपर्यंत आठवतो. दोन-तीन फेऱ्या बरोबर मारल्यावर प्रशिक्षक विमान थांबवायला सांगतो, आपला पट्टा सोडतो, दार उघडून खाली उतरतो आणि रिकाम्या सीटचा पट्टा पुन्हा नीट बांधून ठेवतो, म्हणजे तो सैल राहून नियंत्रणात अडकायला नको. मग बाजूला उभा राहून बघत राहतो. विमान एकदम हलके झालेले असते, म्हणून अपेक्षेपेक्षा लवकर उचलते. हे त्याने विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवलेले असते. सहा-सात मिनिटांची ती फेरी. त्यात त्याच्या हाती काहीच नसते. लष्करात त्याने असे कितीतरी जण सोडलेले असतात, तरीही चाके पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत त्याची नजर हलत नाही. नागरी परवान्यावर प्रशिक्षकपदाचा शिक्का बसतो तो या सहा-सात मिनिटांच्या जबाबदारीचा. तो मिळवायला अनुभवी माणसाला थोडे थांबावे लागले, पुन्हा फळ्यापुढे उभे राहावे लागले, तर तो वेळ वाया गेला असे समजण्याचे कारण नाही.